४२.८ म्हणजे नेमकं किती?



जबलपूरमधला हा माझा दुसरा मुक्काम. पहिल्यांदा आलो तो कॅप्टन असताना, कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटमध्ये कोर्ससाठी. आता केस पिकायला लागल्यावर परत आलोय. शहर बरंच बदललंय, पण एक गोष्ट तशीच आहे. खमरियाच्या बाजूने मधूनच दबका धमाका ऐकू येतो, खिडकीची तावदानं किंचित थरथरतात आणि कुणीही मान वर करून बघत नाही. नव्या पाहुण्यांना आम्ही सांगतो, "काही नाही, प्रूफ चाललंय."

जबलपूर हे तोफा-दारूगोळ्याचं गाव. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून इथे आहे, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४२ पासून. गोळा असो की तोफ, फौजेच्या हातात येण्याआधी तिची परीक्षा होते. गोळ्यांच्या प्रत्येक लॉटमधले नमुने उडवून बघतात. या परीक्षेला इंग्रजीत 'प्रूफ' म्हणतात आणि खमरियाच्या मैदानाचं नावच लाँग प्रूफ रेंज आहे. इथे प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे, कसोटी.

हाच शब्द रमच्या बाटलीशीही जोडलेला आहे, आणि आजचं लिखाण त्यावर आहे. झालं असं की गेल्या महिन्यात रजेवर निघालेल्या जवानांशी बोलत होतो. सांगलीकडच्या एका हवालदाराने विचारलं, "साहेब, रम घ्या, व्हिस्की घ्या, जिन घ्या, सगळ्यांवर ४२.८च का? ४० का नाही? ४३ का नाही?" प्रश्न चांगला होता. त्याच्या उत्तरातून आणखी चार प्रश्न निघाले, आणि त्यातला एक थेट माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आजारपणापाशी जाऊन थांबला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेसमध्ये या ४२.८ ची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जुन्या काळी ब्रिटिश आरमारात खलाशांना रमचा शिधा मिळायचा. रमवाला पाणी तर मिसळत नाही ना, हे बघायला खलाशी थोडी बंदुकीची दारू रममध्ये भिजवायचे आणि तिला काडी लावायचे. पेटली तर रम 'प्रूफ', म्हणजे कसोटीला उतरलेली. नाही पेटली तर 'अंडर प्रूफ', आणि रमवाल्याची धडगत नाही. गोष्ट छान आहे, आणि आम्हा दारूगोळावाल्यांना तर विशेष आवडते.

सरकारी महसूल मात्र अशा काडीवर चालत नाही. ब्रिटिशांनी १८१६ मध्ये साइक्स नावाच्या माणसाच्या हायड्रोमीटरला कायद्याने मान्यता दिली. आपल्याकडे डेअरीत दूध तपासायला लॅक्टोमीटर असतो, त्याच जातीचं हे तरंगणारं यंत्र. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे द्रवात अल्कोहोल जितकं जास्त, तितकं यंत्र खोल बुडतं. त्यांनी व्याख्या ठरवली ती अशी: ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला जी दारू तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या बारा-तेरांश वजनाची भरेल, ती 'प्रूफ', म्हणजे १०० अंश. आजच्या भाषेत तिच्यात अल्कोहोल असतं सुमारे ५७.१५ टक्के.

आता गणित सोपं आहे. आपल्याकडच्या अबकारी खात्यांनी बाटलीबंद मद्याची नेहमीची ताकद ठरवली प्रूफपेक्षा २५ अंश खाली, म्हणजे '२५ अंडर प्रूफ' किंवा '७५ प्रूफ'. ५७.१५ चे पाऊण पट करा. उत्तर येतं ४२.८६. दुसऱ्या दशांशाला कात्री लावली की ४२.८. हवालदाराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे साहेब, इंग्रज गेला पण त्याचा तराजू ठेवून गेला." अगदी तसंच. खुद्द ब्रिटनने १९८० मध्ये प्रूफ सोडून टक्केवारी स्वीकारली. आपण लेबलावर टक्के छापू लागलो, पण आकडा त्यांच्या जुन्या मापातूनच आलेला राहिला. १९५४ पासून फौजेच्या कॅन्टीनमध्ये आणि बाहेरही ज्या ओल्ड मंकने पिढ्या पोसल्या, तिच्यावरही हाच आकडा.

मध्य प्रदेशात तर प्रूफ अजून जिवंत आहे. इथल्या अबकारी कागदांत मद्य 'प्रूफ लीटर'मध्ये मोजतात. देशी दारूत 'मसाला' आणि 'प्लेन' असे दोन प्रकार, त्यांची ओळखही अंडर प्रूफच्या अंशांवर: मसाला २५ यू.पी., प्लेन ५० यू.पी. हे यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे, अंडर प्रूफ. ५० यू.पी. म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के. आकडा जितका मोठा तितकी दारू सौम्य, हे किती जणांच्या लक्षात येत असेल कुणास ठाऊक. त्यात आणखी एक भर. अमेरिकेतून कुणाचा मुलगा '९० प्रूफ'ची बाटली घेऊन येतो. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, म्हणून ती ४५ टक्के. ब्रिटिश मापाने ९० प्रूफ म्हटलं असतं तर ती ५१ टक्क्यांच्या वर गेली असती. शब्द एकच, माप वेगवेगळी. आमच्या गोव्यातली मंडळी तर फेणीची ताकद 'ग्राव'मध्ये सांगतात, ते पोर्तुगीजांचं देणं.

या सगळ्या गोंधळात देशपातळीवर एक गोष्ट चांगली झाली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण एफएसएसएआय म्हणतो त्याने, २०१८ मध्ये मद्यासाठी वेगळे नियम काढले आणि १ एप्रिल २०१९ पासून ते लागू झाले. अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे मद्य, अशी रेघ ओढली गेली. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण आकारमानाच्या टक्क्यांत लिहिणं बंधनकारक झालं. बीअरमध्ये पाच टक्क्यांपर्यंत सौम्य, पाचच्या वर आठपर्यंत स्ट्राँग. अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर 'नशा न आणणारं' वगैरे शब्द लेबलावर चालणार नाहीत. आणि मद्यपान आरोग्यास घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका, हा इशारा इंग्रजीत हवाच. राज्याला वाटलं तर स्थानिक भाषेतही.

एनडीएत आम्हाला नकाशावाचन शिकवलं तेव्हा पहिला नियम होता तो असा: नकाशा उघडला की आधी मध्यभाग बघू नका, आधी समास वाचा. प्रमाण काय, आवृत्ती कुठल्या वर्षाची, चुंबकीय उत्तर किती सरकलेली. पुढे ऑर्डनन्समध्ये आलो आणि तोच नियम दारूगोळ्याच्या पेटीला लागला. आधी लेबल: लॉट नंबर, भरल्याची तारीख, नग, धोक्याचा वर्ग. लेबल न वाचता पेटीला हात लावणारा माणूस आमच्या धंद्यात टिकत नाही. मग दर महिन्याला कॅन्टीनमधून जी बाटली आपण पिशवीत घालून नेतो, तिचं लेबल आपल्यातले किती जण वाचतात? किंमत वाचतात. ब्रँड वाचतात. आकडा क्वचित.

आणि आकडा वाचला तरी भागत नाही, ही खरी अडचण आहे. टक्का म्हणजे प्रमाण. शरीराला जातं ते प्रमाण नव्हे, ती रास. खत किती टक्के नत्राचं आहे हे शेतकऱ्याला कळलं तरी शेतात किती गोणी टाकल्या त्यावर पीक ठरतं. तसंच इथे. म्हणून मी जवानांना एक हिशेब शिकवतो. किती मिलिलिटर, गुणिले टक्के, भागिले शंभर. हे झालं शुद्ध अल्कोहोलचं माप. त्याला ०.८ ने गुणा, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ग्रॅम मिळाले. दहावी नापास माणसालाही जमतं.

आता करून बघू. बडा पेग म्हणजे ६० मिली. ४२.८ टक्क्यांची रम असेल तर त्यात साधारण २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे २० ग्रॅम. स्ट्राँग बीअरची मोठी बाटली ६५० मिलीची, आठ टक्क्यांची. तिच्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ४१ ग्रॅम. परत वाचा. बीअरची एक बाटली म्हणजे रमचे दोन बडे पेग, वर थोडं उरतंच. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या रांगेत एकदम शांतता झाली. कारण आपल्याकडे अजून समज आहे, 'बीअर म्हणजे काय दारू आहे का?' आणि आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचाच असतो. तुलनेसाठी सांगतो, पाच टक्क्यांची ३३० मिलीची सौम्य बीअर १३ ग्रॅमवर थांबते. तेरा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा पेला १५-१६ ग्रॅमचा. दोन्ही बाटल्यांवर 'बीअर'च लिहिलेलं असतं, पण १३ आणि ४१ मध्ये तिपटीहून जास्त फरक आहे.

हाच हिशेब गाडीशी जोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ६५ किलो वजनाच्या तरुणाने ती स्ट्राँग बीअर संपवली तर ढोबळ हिशेबाने त्याच्या रक्तात ९० च्या आसपास जातं. शरीर तासाला साधारण १५ उतरवतं. म्हणजे चार तासांनंतरही तो मर्यादेपाशीच असतो. एका बड्या पेगनेही तो ३० च्या पलीकडे जातो. हे आकडे माणसागणिक, जेवणागणिक बदलतात, त्यामुळे कृपा करून असा हिशेब मांडून गाडी काढू नका. सांगायचं इतकंच, की 'एकच बीअर घेतली' हे वाक्य कुठल्याही मापाने 'काही घेतलं नाही' याच्या जवळपास जात नाही. रजेवर गेलेला मुलगा मोटारसायकलवर गेल्याची तार, म्हणजे आता फोन, ज्यांनी युनिटमध्ये घेतलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पलटणीत शत्रूच्या गोळीची तयारी असते. यात्रेहून परतताना पुलाच्या कठड्यावर आदळलेल्या पोराच्या आईला काय सांगायचं, याचं कुठेच प्रशिक्षण नसतं.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांनीच लिहायची परवानगी दिली आहे ती नावाशिवाय. मी लेफ्टनंट म्हणून ज्या ॲम्युनिशन डेपोत रुजू झालो, तिथे ते नायब सुभेदार होते. खटाव तालुक्यातले. मला पेटी कशी वाचायची हे पुस्तकापेक्षा त्यांनी जास्त शिकवलं. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, पावसात भिजलेल्या लेबलावरचा अर्धा पुसलेला लॉट नंबर ते बोटाने चाचपून सांगायचे. अठ्ठावीस वर्षं सेवा करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गावी विहीर बांधली, ऊस लावला.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. पायाला सूज, डोळे पिवळे, जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात दाखल केलंय. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती घेता?" सुभेदार साहेबांनी खरं उत्तर दिलं, "दोन पेग." कागदावर ६० मिली लागलं, छोट्या पेगच्या हिशेबाने. पण रिपोर्ट आणि हे उत्तर जुळेना. डॉक्टरांना वाटलं, पेशंट लपवतोय. मुलालाही तसंच वाटलं. मला मात्र खात्री होती, की हा माणूस लपवणार नाही. ज्याने आयुष्यात स्टॉकचा एक नग इकडचा तिकडे लिहिला नाही, तो डॉक्टरला खोटा आकडा देणार नाही.

मी मुलाला सांगितलं, "तात्या ज्या ग्लासातून घेतात तो ग्लास आण. ते जिथपर्यंत ओततात तिथपर्यंत पाणी भर आणि औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोज." स्टीलचा रुंद पेला होता. सुभेदार साहेबांचं माप 'दोन बोटं', आणि बोटं शेतकऱ्याची. मोजल्यावर दोन बोटं भरली ९० मिली. असे दोन पेग. म्हणजे रोज १८० मिली, एक पूर्ण क्वार्टर. शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, ६१ ग्रॅम. रोज. दहा-अकरा वर्षं. कॅन्टीनचा कोटा संपला की उरलेली गावच्या दुकानातून. त्यांच्या लेखी ते कायम 'दोन पेगवाले' होते, शिस्तीत पिणारे, कधी झिंगून पडलेले नाहीत, कधी घरात आवाज चढवलेला नाही. त्या शिस्तीनेच घात केला.

या प्रसंगावर मी बराच विचार केला. पलटणीत असताना माणसाला स्वतः मोजावं लागत नाही. उंचावरच्या चौकीत रम मिळते ती पेग-मापाने, हवालदाराच्या हातून, रजिस्टरमध्ये सही करून. बडा खान्यात किती पेग, हे आधी ठरलेलं. मेसमध्ये बारमन मोजतो आणि बिलावर लिहितो. अठ्ठावीस वर्षं माप संस्थेचं असतं. निवृत्तीच्या दिवशी टोपी, पट्टा, ओळखपत्र सगळं जमा होतं, त्यासोबत ते मापही जमा होतं, आणि हे कुणी सांगत नाही. घरी गेल्यावर हातात राहते ती फक्त बाटली. तिच्यावरचं लेबल हा एकच हवालदार उरतो. तो बोलतो इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि टक्क्यांत.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. वजन उतरलेलं, पण पाठ ताठ. वहिनींनी चहा दिला आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? यांनी जन्मभर पेट्यांवरची लेबलं वाचली. घरात खताची गोणी आली तरी आधी वाचायचे. बाटलीवर यांना कळेल असं लिहिलं असतं, तर यांनी वाचलं नसतं का?" सुभेदार साहेब जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "सर, पेटीवर धोक्याचा वर्ग लिहिलेला असतो. मोठा, भगव्या चौकोनात. लांबून दिसतो."

मला यावर उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

हे अशक्य आहे असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात गेली कित्येक वर्षं प्रत्येक बाटलीवर, डब्यावर लिहावं लागतं की यात किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत. तिथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. ब्रिटनमध्ये 'युनिट' चालतं, ते ८ ग्रॅमचं. अमेरिकेत स्टँडर्ड ड्रिंक १४ ग्रॅमचं. आयर्लंडने २०२३ मध्ये नियम काढले की बाटलीवर अल्कोहोल ग्रॅममध्येच लिहा, सोबत यकृताच्या आजाराचा आणि कर्करोगाचा इशारा द्या. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण दिशा दिसते. ऑस्ट्रेलियाच्या मापाने आपल्या रमची ७५० मिलीची बाटली म्हणजे पंचवीस स्टँडर्ड ड्रिंक. क्वार्टर म्हणजे सहा. स्ट्राँग बीअर म्हणजे चार. क्वार्टरवर ठळक '६' लिहिलेला असता तर सुभेदार साहेबांनी डॉक्टरांना 'दोन' सांगितलं नसतं. 'सहा' सांगितलं असतं. कदाचित दहा वर्षं आधी स्वतःलाच सांगितलं असतं.

हे मी मेसमध्ये बोललो तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टर साहेबांनी, आर्मी मेडिकल कोअरच्या, मला अडवलं. म्हणाले, "लेबल वाचून कुणी पिणं सोडत नाही. सिगारेटच्या पाकिटावर चित्रं छापली, ओढणारे ओढतातच. उलट तरुण पोरं आकडा वाचतात ते कमी पैशात जास्त किक कुठे मिळते हे बघायला." त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्ट्राँग बीअर विकली जाते ती त्या आकड्याच्या जोरावरच. पण दारूगोळ्याच्या पेटीचं लेबलही दोन्ही बाजूंनी वाचता येतं. चोरालाही त्यावरून कळतं की आत काय आहे. म्हणून आपण लेबल काढून टाकत नाही. ज्याला वाचवायचं आहे त्याच्यासाठी ते लावतो. सुभेदार साहेबांसारखी माणसं व्यसनी म्हणून मोजली जात नाहीत. ती शिस्तीची माणसं आहेत, त्यांना आकडा दिला तर ती आकडा पाळतात. अशांची संख्या आपल्या माजी सैनिकांत फार मोठी आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

लेबलाची आणखी एक किंमत आहे, ती लेबल नसतं तेव्हा कळते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. जानेवारी २०२१ मध्ये याच मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात तेच घडलं. अशा दारूत घात करतं ते मिथेनॉल. ते ना वासाने ओळखू येतं ना चवीने. सुरुवातीला नशाही तशीच वाटते, नंतर डोळ्यांपुढे अंधारी येते. लेबल, बॅच नंबर, कारखान्याचा पत्ता म्हणजे कुणीतरी जबाबदार आहे एवढी हमी. जबलपूरहून डिंडोरी-मंडल्याकडे गेलात तर मोहाचा मोसम असताना रानात फुलांचा वास दरवळतो. तिथल्या आदिवासी घरांत मोहाची दारू पूजेपासून लग्नापर्यंत लागते. तिला कधी लेबल नव्हतं, गाळणारी बाई ओळखीची हीच हमी. आता राज्य सरकारच्या हेरिटेज मद्याच्या धोरणात डिंडोरी आणि अलीराजपूरकडच्या बचतगटांची मोहाची दारू बाटलीत, टक्क्यासकट विकायला आली आहे. आजीच्या मडक्यातून आलेल्या दारूवर टक्का छापलेला बघून गंमत वाटली, पण गैर काही वाटलं नाही.

आणि घरातल्या फडताळाकडेही एक नजर टाका. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांवर बारीक अक्षरात 'स्वयंजनित अल्कोहोल' असं लिहिलेलं सापडेल, कारण ती औषधं आंबवूनच बनतात. औषध म्हणून चमच्याने घ्यायला हरकत नाही, वैद्य सांगतील तेवढं. पण ज्यांना डॉक्टरांनी यकृतासाठी 'एक थेंबही नको' सांगितलंय, त्यांनी हे लेबलही वाचावं आणि डॉक्टरांना दाखवावं. सुभेदार साहेबांच्या फडताळातून अशा दोन बाटल्या निघाल्या. वहिनींनी शक्ती यावी म्हणून आणलेल्या.

आता माझं एक काम आहे तुमच्याकडे, विशेषतः निवृत्त मंडळींकडे. रोज घेत असाल किंवा सणावाराला, आज संध्याकाळी तुमचा नेहमीचा ग्लास काढा. नेहमीसारखं, मुद्दाम कमी न करता, तिथपर्यंत पाणी ओता. मग औषधाच्या टोपणाने किंवा नातवाच्या दुधाच्या बाटलीने मोजा. बाटलीवरचा टक्का बघा, वर दिलेला हिशेब करा आणि तो ग्रॅमचा आकडा एका कागदावर लिहून ओळखपत्रामागे ठेवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, त्यामुळे तुमचा आकडा 'चांगला' आहे असं प्रमाणपत्र मी देणार नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील "किती घेता?" तेव्हा 'दोन पेग' म्हणू नका. तो कागद दाखवा.

माझ्याकडून एवढंच करतो की रजेवर निघणाऱ्या प्रत्येक तुकडीसमोर फळ्यावर तीन ओळी लिहितो, हिंदीत आणि मराठीत: बडा पेग २०, क्वार्टर ६१, स्ट्राँग बीअर ४१. पोरं वहीत उतरवून घेतात. काही हसतात. पण परवा एकाने गावाहून फोन केला, लग्नाच्या हळदीतून. म्हणाला, "साहेब, गाडी चुलत्याच्या ताब्यात दिली, मी सकाळी निघतो."

सुभेदार साहेबांनी पूर्ण बंद केली त्याला आता चौदा महिने झाले. पायाची सूज उतरली आहे. यकृताचं जेवढं नुकसान झालंय तेवढं झालंय, ते भरून येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण ते दर महिन्याला मला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात, जुन्या डेपोच्या भाषेत: "स्टॉक तपासला, सर. ठीक आहे."

जय हिंद.